अलमट्टीचा ठराव आणि मागच्या रांगेतल्या बायका

मे २०२५ मधली गोष्ट. आमच्या गावात अलमट्टी धरणाच्या उंचीवर ग्रामसभा भरली. गाव शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेच्या काठावरचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर जे सांगणार आहे ते एका गावापुरतं नाही, आणि दुसरं म्हणजे मला त्याच गावात राहायचं आहे.

सकाळी पंचायतीचा शिपाई बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंच्या दारात येऊन सांगून गेला, "पन्नास तरी बायका आणा, कोरम भरायचा हाय." आम्ही गेलो. देवळाच्या मंडपात पुढे खुर्च्या, खुर्च्यांवर गावची कारभारी माणसं. मधे सतरंजीवर तरुण पोरं. मागे खांबाच्या आडोशाला आम्ही. सही-अंगठ्याचं रजिस्टर मात्र सगळ्यांत आधी आमच्याकडेच आलं. मग ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ठराव वाचला. अलमट्टीची उंची वाढवायला ग्रामसभेचा तीव्र विरोध, शासनाने सर्वोच्च न्यायालयात जावं, वगैरे. दोन भाषणं झाली, दोन्हींत कर्नाटकाचा उद्धार. "मंजूर?" "मंजूर!" दहा मिनिटांत काम आटोपलं.

तेवढ्यात आमच्यातली एक म्हातारी उभी राहिली. सत्तरीची, भूमिहीन, आयुष्यभर दुसऱ्याच्या उसात भांगलण केलेली. म्हणाली, "उंची वाढू दे न्हाई तर ऱ्हाऊ दे. मागल्या पुरात बोट आधी कुणाच्या दारात गेली, तेवढं सांगा की."

मंडपात हशा पिकला. सरपंच म्हणाले, "आज्जी, तो विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही." सरपंच म्हणजे सरपंचबाईंचे यजमान. बाई खुर्चीत होत्या, बोलत यजमान होते. सभा संपली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ठराव चुकीचा होता म्हणून नव्हे. उंची वाढवू नये असंच माझंही मत आहे. पण आज्जींचा प्रश्न विषयपत्रिकेवर का नव्हता, तो कधी येणार आणि आणणार कोण, याचा विचार डोक्यातून जाईना. त्या विचारातून हा लेख लिहिते आहे.

वाद नेमका काय आहे

आपल्यातल्या कितीतरी जणी मोर्चात "अलमट्टी" ऐकतात, पण आकड्यांची गाडी पुढे निघून जाते. म्हणून थोडक्यात सांगते. अलमट्टी धरण कर्नाटकात, कृष्णेवर, बागलकोट आणि विजयपूर जिल्ह्यांच्या हद्दीवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तिथे ५१९.६० मीटर पातळीपर्यंत पाणी साठवायला परवानगी दिली. त्या पातळीला धरणात सुमारे १२३ टीएमसी पाणी मावतं. पुढे डिसेंबर २०१० मध्ये ब्रिजेश कुमार यांच्या अध्यक्षतेखालच्या कृष्णा पाणीतंटा लवादाने ही पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला मान्यता दिली. लवादाचा पुढचा अहवाल २०१३ मध्ये आला. पण खालच्या राज्यांनी तंटा न्यायालयात नेला आणि २०२५ सालापर्यंत हा निवाडा राजपत्रात प्रसिद्ध झालेला नव्हता.

५१९.६० आणि ५२४.२५६ यांच्यात साडेचार मीटरहून थोडं जास्त, म्हणजे पंधरा फुटांचं अंतर आहे. आपल्या घराच्या जोत्यापासून मोजलं तर पत्र्याच्या वर जाईल एवढं. एवढी पातळी धरणाच्या भिंतीपाशी वाढली की पाण्याचा फुगवटा मागे सरकतो. तो किती मागे येतो, आपल्या हद्दीत येतो का, महापुराच्या वेळी सांगली-कोल्हापूरचं पाणी त्यामुळे ओसरायला उशीर होतो का, यावर सगळा वाद आहे.

पूर आपल्याला नवा नाही. २००५ चा पाहिला, २०१९ चा पाहिला, २०२१ चा पाहिला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोका पातळी धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्यानंतर सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०२० मध्ये आला. सांगली-कोल्हापूरच्या पुराला अलमट्टी कारणीभूत नाही, असा त्या समितीचा निष्कर्ष होता. थोड्या दिवसांत कोसळलेला प्रचंड पाऊस आणि नदीच्या पात्रात, पूरपट्ट्यात झालेली अतिक्रमणं यांच्याकडे समितीने बोट दाखवलं. काठावरच्या पुष्कळ लोकांना आणि काही जाणकारांना हे पटलेलं नाही. मे २०२५ मध्ये अंकलीजवळ सांगली-कोल्हापूर रस्त्यावर चक्का जाम झाला. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून उंची वाढवू नका म्हटलं. सप्टेंबरमध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने बुडणाऱ्या जमिनीच्या मोबदल्याचे दर मंजूर केले. म्हणजे ते मागे हटायला तयार नाहीत.

यात माझी भूमिका अशी. फुगवट्याचा अभ्यास दोन्ही राज्यांतल्या काठच्या लोकांसमोर त्यांच्या भाषेत मांडला जात नाही आणि त्यावर त्यांना प्रश्न विचारता येत नाहीत, तोवर पातळी एक इंचही वाढू नये. वाढवल्यावर चूक कळली तर भरपाई कशाने करणार? ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांच्यावर शंकेचा फायदा सोडायचा नसतो, तो त्यांना द्यायचा असतो. तेव्हा ठरावाला माझा हात वर होता आणि राहील.

अलमट्टी म्हटलं की आपलं काम संपतं

पण मग आज्जींच्या प्रश्नाचं काय?

माझा अनुभव असा आहे की अलमट्टी हा शब्द उच्चारला की आपल्या पंचायतीचं काम संपतं. दोष दुसऱ्या राज्यात ढकलला जातो, आणि आपल्या हाती असलेलं कुणी विचारत नाही. गावचा ओढा कुणी बुजवला? त्यावर गाळे कुणी बांधले? निळ्या पूररेषेच्या आत बिगरशेतीचे प्लॉट पाडले ते कुणाच्या सहीने? रस्त्यांचे आणि पुलांचे भराव घातले तेव्हा पाण्याला जायला मोऱ्या का ठेवल्या नाहीत? कोयना आणि वारणा ही धरणं तर आपल्याच राज्यात आहेत. त्यातून किती पाणी कधी सोडणार, हे काठच्या बाईला वेळेवर कोण सांगतं? हे प्रश्न ग्रामसभेत आले तर खुर्चीवरच्या कित्येकांना खाली बसावं लागेल. अलमट्टीवर बोलताना कुणालाच खाली बसावं लागत नाही. म्हणून तो ठराव दहा मिनिटांत होतो.

माझं म्हणणं कुणी असं घेऊ नये की अलमट्टीचा विरोध हे ढोंग आहे. विरोध खरा आहे, भीती खरी आहे. पण त्या भीतीचा आडोसा करून गावातली जुनी वाटणी तशीच टिकवली जाते, आणि त्या वाटणीत बाई, त्यातही भूमिहीन बाई, पुरात पहिली आणि मदतीत शेवटची असते.

पाणी घरात शिरतं तेव्हा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी येतंय हे कळल्यापासून घर सोडेपर्यंत मला एक रात्र मिळाली. त्या रात्रीत धान्याची पोती माळ्यावर चढवली, सासूबाईंची औषधं बांधली, कागदपत्रं पिशवीत घातली, म्हशी उंचवट्यावर नेऊन बांधल्या. घरातले पुरुष गावकीच्या कामात होते. ते कामही खरंच होतं, नाही म्हणत नाही. पण घर उचलून न्यायचं काम बाईचं, हे कुणी न सांगता ठरलेलं असतं. जनावरांना सोडून यायचं नाही म्हणून कितीतरी बायका शेवटपर्यंत मागे राहिल्या. म्हैस गेली तर रोजचा पैसा गेला, हा हिशेब त्यांच्या डोक्यात होता आणि तो बरोबर होता.

त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना बोट उलटली. बुडालेल्यांत बहुसंख्य बायका आणि मुलं होती. ती बातमी आम्ही शाळेच्या वर्गात, निवारा म्हणून दिलेल्या खोलीत, एका मोबाईलभोवती गोळा होऊन ऐकली. बोट कुणाच्या दारात आधी गेली हा आज्जींचा प्रश्न म्हणूनच हसण्यावारी न्यायचा नव्हता.

त्या निवाऱ्यात आम्ही नऊ दिवस होतो. एका वर्गात आठ-दहा कुटुंबं. बायकांसाठी दोन संडास, त्यातल्या एकाला कडी नाही. वीज नव्हती. रात्री बाहेर जायला लागू नये म्हणून बायका संध्याकाळी पाणी पीत नसत. चहूकडे पाणीच पाणी आणि बायका तहानेल्या! पाळी आलेल्या मुलींना कापड नव्हतं, आणि मागायचं कुणाकडे, तर याद्या घेऊन फिरणाऱ्या तरुण पोरांकडे. एक नववा महिना भरलेली बाई होती, तिचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. मदतीचे ट्रक आले, साड्यांचे ढीग आले, फोटो निघाले. कडी मात्र शेवटपर्यंत बसली नाही.

पाणी ओसरल्यावर पुढचं काम सुरू झालं. घरातला वीतभर गाळ काढणं, भिजून आंबलेलं धान्य फेकणं, मेलेल्या जनावरांच्या वासात चूल पेटवणं. आणि मग पंचनामे. पंचनामा घराच्या उताऱ्यावरच्या नावाने होतो, पिकाचा सातबाऱ्यावरच्या नावाने. आमच्या शेजारी नवऱ्याने टाकलेली एक बाई भावाच्या घराला पत्र्याची पडवी काढून राहते. तिची चूल वेगळी, कमाई वेगळी, पण रेशनकार्ड भावाचं. पडवी वाहून गेली. मदत भावाच्या खात्यावर आली. भाऊ वाईट नाही, पण त्याचंही घर पडलं होतं. तिला काय मिळालं, तर दोन साड्या आणि एक चादर.

ऊस कुजला त्याची नुकसानभरपाई ऊसवाल्याला मिळाली, थोडी का होईना. त्या उसात भांगलायला जाणाऱ्या बायकांचा पुढच्या तीन-चार महिन्यांचा रोजगार बुडाला, त्याचा पंचनामा कुणी केला? त्यांच्या नावावर फक्त एकच गोष्ट होती, ती म्हणजे गटाचं कर्ज. पाणी उतरून पंधरा दिवस झाले नाहीत तोच एका कर्ज कंपनीचा माणूस हप्ता मागायला दारात उभा होता. जमीन, घर आणि मदत पुरुषाच्या नावावर, कर्ज बाईच्या नावावर, ही आपल्याकडची मालमत्तेची वाटणी आहे.

तिचं माहेर पलीकडे

ग्रामसभेनंतर दोन दिवसांनी गटाची बैठक होती. सगळ्याजणी ठरावावर बोलत होत्या. कर्नाटकवाल्यांना आपण बुडालो तरी चालेल, असं एक जण म्हणाली. तेव्हा आमच्यातली एक, एरवी फारशी न बोलणारी, म्हणाली, "माझं माहेर जमखंडीकडं हाय. माझ्या भावाचं घर मागंच एकदा उठलं. आता पातळी वाढली की परत उठंल."

सगळ्या गप्प झाल्या. आपल्या भागात सीमेपलीकडे लेक देणं आणि तिकडची सून आणणं नवं नाही. यल्लम्माच्या जत्रेला सौंदत्तीला आपण सगळ्या जातो, वाटेत त्यांच्या गावात मुक्काम करतो. पण धरणाचा विषय निघाला की पलीकडे बायका राहतात हेच आपण विसरतो.

त्यांच्याकडचं चित्र असं आहे. अलमट्टीच्या पाण्यात याआधी शंभरांहून जास्त गावं गेली. जुन्या बागलकोट शहराचा मोठा भाग गेला, आणि माणसं नवनगर नावाच्या नव्या वस्तीत हलवली गेली. पातळी ५२४.२५६ मीटर झाली तर आणखी सुमारे ७५ हजार एकर जमीन, वीसेक गावं आणि बागलकोट शहराचे काही भाग पाण्याखाली जातील. कर्नाटक मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये बुडणाऱ्या जमिनीसाठी बागायतीला एकरी ४० लाख आणि जिरायतीला एकरी ३० लाख रुपये दर ठरवला. हे पाणी विजयपूर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर अशा कोरड्या जिल्ह्यांना द्यायचं आहे. तिथल्या बायकाही उन्हात घागरी घेऊन फिरतात, त्यांना पाणी नको असं मी म्हणू शकत नाही.

पण एकरी ४० लाख म्हणजे कुणाला ४० लाख? ज्याच्या नावावर एकर आहे त्याला. एवढा पैसा येणार म्हटल्यावर घरात पहिल्यांदा काय होतं, ते आपल्याला धरणांच्या, महामार्गांच्या, कारखान्यांच्या सगळ्या भूसंपादनांतून ठाऊक आहे. बहिणींना माहेरी बोलावणं येतं. साडी-चोळी होते, पुरणपोळी होते आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. २००५ च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला, पण सही न देणाऱ्या बहिणीला माहेर तुटतं. आमच्या गटातल्या त्या बाईला मी विचारलं, "तुझी सही झाली का?" ती म्हणाली, "मागल्या खेपेलाच झाली."

आणि ज्यांच्या नावावर जमीनच नाही त्यांचं काय? त्या पट्ट्यात देवदासी म्हणून सोडलेल्या बायका आहेत. कर्नाटकाने १९८२ साली कायदा करून ती प्रथा बंद केली, पण बायका आहेत, त्यांची मुलं आहेत. नवऱ्याचं नाव नाही, बापाच्या जमिनीत वाटा नाही, अशा बाईचं घर पाण्याखाली गेलं तर तिला कुठल्या रकान्यात घालणार?

हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. नर्मदेच्या लवादाने १९७९ साली सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी निवाडा दिला तेव्हा घरातला प्रत्येक सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला. सज्ञान मुलीचा त्यात विचार नव्हता. ही गोष्ट नंदुरबारच्या डोंगरातल्या आदिवासी बायकांनाही भोगावी लागली. त्यानंतर चौतीस वर्षांनी, २०१३ च्या भूसंपादन कायद्यात, विधवा, घटस्फोटित आणि घरच्यांनी टाकलेल्या बायका स्वतंत्र कुटुंब धराव्यात असं आलं. पुनर्वसनाची जमीन किंवा घर नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर देता येईल असंही त्यात आहे. "देता येईल", "द्यावं" नव्हे. ही दोन वाक्यं कायद्यात यायला किती बायकांनी किती वर्षं धरणं धरली ते आपल्याला माहीत आहे. आता ती कागदावरून सरकारी यादीत आणायचं काम स्थानिक पातळीवरच होणार आहे. गावकामगार तलाठी आणि पंचायत यादी करतात, लवाद करत नाही.

म्हणून इकडच्या आणि तिकडच्या बायका एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. इकडे पुराची मदत सातबारा बघून आणि तिकडे बुडीताचा मोबदला सातबारा बघून. पाणी आपल्याकडे येवो की त्यांच्याकडे साचो, हिशेबाची वही एकच आहे.

माणसं मोजणारी गावं आपल्याच राज्यात

दुसरा हिशेब शक्य नाही असं कुणी म्हणू नये. येरळा नदीवर खानापूर तालुक्यात तांदूळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात स्वतःच्या श्रमातून बळीराजा धरण उभारलं. तिथे पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबाच्या हक्काने वाटायचं तत्त्व ठरलं, आणि भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला गेला. त्याआधी पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीची सुरुवात केली. तिथे कुटुंबात किती माणसं आहेत ते बघून पाणी ठरत असे, किती एकर आहेत ते बघून नव्हे. या प्रयोगांत सगळं आलबेल होतं असं नाही. पण पाणी मोजताना एकराऐवजी माणूस मोजता येतो, एवढं तरी त्यांनी दाखवलं. दुष्काळात जे जमतं ते पुरात का जमू नये? माणूस मोजला की बाई मोजावीच लागते.

आम्ही काय केलं

महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. बहुतेक गावांत ती रजिस्टरवर भरते. आमच्याकडेही तसंच. गटातल्या चौघी ग्रामसेवकांना भेटल्या आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी आमची सभा खरोखर घ्या म्हणाल्या. उत्तर आलं, "अलमट्टी हा विषय महिलांचा नाही. तुम्ही दारूबंदी, बालवाडी असे विषय घ्या." आम्ही अर्ज लिहून पोच घेतली. पोच घेतली की भाऊसाहेबांची भाषा मवाळ होते, हा आपला जुना अनुभव.

सभेला साठ-पासष्ट बायका आल्या. तीन तास बोलल्या. एकमत झालं असं मुळीच नाही. नदीकाठच्या मळीत ज्यांचा ऊस आहे त्या म्हणाल्या, पूररेषेचा विषय काढू नका, आमचं बांधकाम जाईल. मागासवर्गीय वस्तीतल्या बायकांनी त्यांना तिथेच विचारलं, "आमची वस्ती ओढ्याच्या कडेला कुणी बसवली?" माहेर जमखंडीकडचं असलेली बाई म्हणाली, ठरावात कर्नाटकाला शिव्या नकोत. यावर बरीच वादावादी झाली. शेवटी तिचं ऐकलं गेलं.

जो ठराव लिहिला त्यात अलमट्टीच्या उंचीवाढीला विरोध कायम ठेवला आणि पुढच्या मागण्या जोडल्या.

१. फुगवट्याचा आणि पुराचा जो अभ्यास सरकार करेल किंवा करवून घेईल, तो मराठीत आणि कन्नडमध्ये काठच्या प्रत्येक पंचायतीला द्यावा आणि महिला ग्रामसभेत समजावून सांगावा.

२. पावसाळ्यात कोयना, वारणा, राधानगरीपासून हिप्परगी, अलमट्टीपर्यंतच्या पाणी सोडण्याचं वेळापत्रक दोन्ही राज्यांनी मिळून ठरवावं. विसर्गाची सूचना गावातल्या महिला गटांना थेट मिळावी.

३. पुराचा पंचनामा चूल धरून व्हावा. विधवा, परित्यक्ता, एकट्या राहणाऱ्या बायका यांची स्वतंत्र नोंद पूर येण्याआधीच पंचायतीकडे असावी. भूमिहीन मजुरांच्या बुडालेल्या रोजगाराचीही नोंद व्हावी.

४. निवाऱ्याची जागा, संडास, दिवे, बाळंतीण आणि आजारी यांची सोय हे सगळं मे महिन्यात तपासावं. तपासणाऱ्या समितीत निम्म्या बायका असाव्यात. बोट आधी कुठे जाणार याची यादी गावात लावावी, ओढ्याकाठच्या वस्तीपासून सुरू करून.

५. गावाचं कायमचं स्थलांतर करायचं ठरलं, तर प्लॉट नवरा-बायको दोघांच्या नावावर आणि एकट्या बाईचा तिच्या नावावर असावा.

६. पूरकाळात गटांच्या आणि कर्ज कंपन्यांच्या हप्त्यांना किमान सहा महिने स्थगिती मिळावी.

मुख्य ग्रामसभेत यातली चौथी मागणी मान्य झाली. पहिल्या दोन "शासनाकडे शिफारस" म्हणून गेल्या. तिसरी, पाचवी आणि सहावी "पुढील सभेत विचारार्थ" ठेवल्या. म्हणजे जिथे पैसा आणि नाव यांचा प्रश्न आला, तिथे पुढची सभा. पण इतिवृत्तात सहाही मागण्या लिहिल्या गेल्या, आणि लिहून घेईपर्यंत आम्ही उठलो नाही. बोटीची यादी पंचायतीच्या भिंतीवर लागली. पहिलं नाव ओढ्याकाठच्या वस्तीचं आहे.

एवढ्याने काय होणार?

असं विचारणाऱ्या पुष्कळ भेटतात. अलमट्टीचा निर्णय दिल्लीत, बेंगळुरूत, न्यायालयात होणार. गावच्या ठरावाला कोण विचारतो? खरं आहे. पण गावचा ठराव हा आपला पुरावा असतो. २०१३ च्या कायद्याप्रमाणे सामाजिक परिणामांचा अभ्यास करताना पंचायतीशी सल्लामसलत करावी लागते आणि जाहीर सुनावणी घ्यावी लागते. त्या वेळी पंचायतीच्या दप्तरात बायकांचं म्हणणं नसेल, तर बायकांना काही म्हणायचंच नव्हतं असा अर्थ निघतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. २०२५ साली हा वाद पेटला तेव्हा सांगली आणि कोल्हापूर जिल्हा परिषदांची मुदत संपून तीन वर्षांहून जास्त काळ लोटला होता आणि तिथे प्रशासक बसलेले होते. ज्या सभागृहात निम्म्या बायका असायला हव्या होत्या, ते सभागृहच भरत नव्हतं. पन्नास टक्के आरक्षण आपण लढून मिळवलं, पण सभागृहच नसेल तर आरक्षण कशाचं? आणि सभागृह असलं तरी बाई खुर्चीत आणि यजमान बोलतात, हे मी वर लिहिलंच आहे. आमच्या सरपंचबाई १५ ऑगस्टच्या सभेत पहिल्यांदा स्वतः चार वाक्यं बोलल्या. त्यांना बोलायचं होतंच. मागे बसलेल्या साठ बायका त्यांच्याकडे बघत होत्या, एवढाच काय तो फरक.

तेव्हा मैत्रिणींनो, कृष्णा-पंचगंगेच्या काठावर ज्या ज्या गावात आपले गट आहेत, तिथल्या अलमट्टीच्या ठरावाची नक्कल पंचायतीतून काढा. त्यात बाई कुठे आहे ते बघा. नसेल तर महिला ग्रामसभा मागा, अर्जाची पोच घ्या, आणि इतिवृत्त लिहून होईपर्यंत उठू नका. शक्य असेल तिथे सीमेपलीकडच्या गटांशी बोला. आपल्यातल्या कुणाचं ना कुणाचं माहेर तिकडे निघेलच.

आज्जी परवा भेटल्या. भिंतीवरची यादी कुणाकडून तरी वाचून घेतली होती. म्हणाल्या, "नाव लागलं बघ. आता बोट येती का, ते पाणी आल्यावर कळंल." तिसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या मागणीसाठी पुढच्या सभेला त्या येणार आहेत, आणि या वेळी पुढे बसणार आहेत.